शुक्रवारचा तास

सोम., १० नोव्हें.

दुपारी प्राजक्ता आली. चपला काढायला वाकली तेव्हाच ओळखलं. आठवीत असतानाही अशीच वाकायची, जमिनीवर काहीतरी सांडल्यासारखी. भिवंडीजवळच्या कोनच्या पाटलांची मुलगी. आता कल्याणच्या बी.एड. कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी. करते. विषय ‘गणित व विज्ञान अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर’. एका श्वासात म्हणून दाखवला. लोकांना सांगून सांगून पाठ झालेला दिसतो.

काम आपल्याच शाळेत आहे, मी निवृत्त झाले तिथंच. आठवीच्या दोन तुकड्या. ‘अ’ला टॅबवर धडा, ‘ब’ला खडू-फळा. शिकवणारा दोन्हीकडे गणित-विज्ञानाचा साळवीच. धडा संपला की लगेच छोटी चाचणी. काही धडे आधीच झालेत. मी मागे बसून बघायचं आणि मत द्यायचं. मीच का? तर म्हणे, तटस्थ माणूस हवा.

म्हटलं, “अगं, मला टॅब डोळ्यासमोर नको असतो हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक आहे.”

“म्हणूनच, बाई. तुम्ही बरं म्हणालात तर कोणी शंका घेणार नाही.”

हुशार आहे. हो म्हटलं.

‘ब’ तुकडीला तिच्या प्रबंधात ‘नियंत्रित गट’ म्हणतात. खडूनं शिकणारी मुलं म्हणजे नियंत्रित. काही लागण झाल्यासारखी.

बुध., १२ नोव्हें.

तिच्या कॉलेजचं रीतसर पत्र आलं. इंग्रजीत. एका पानात चार चुका आणि माझं आडनाव ‘टिपणीस’चं ‘टिपनिश’. लाल शाईनं दुरुस्त करून ठेवलंय. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अ‍ॅग्नेस असत्या तर पानभर पुन्हा लिहायला लावलं असतं. त्यांच्या हाताखाली शिकले आणि जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या चुका मला टोचतात. एकीतल्याच टोचल्या असत्या तर आयुष्य अर्धं सुखाचं झालं असतं.

पत्र घेऊन आलेला कुरिअरवाला खालून ओरडला, “अंकल, सही!” मी वरून ‘कोण?’ विचारलं होतं; असा घोगरा, पुरुषी आवाज माझा. फोनवरही ‘सर बोलताय का’ विचारतात. आता राग येत नाही. म्हणजे येतो, पण सवयीनं.

शुक्र., १४ नोव्हें.

‘अ’चा टॅबचा तास. धडा ध्वनी.

प्राजक्ता (यापुढे नुसतं प्रा.) कॉलेजचे टॅब एका मोठ्या बॅगेतून घेऊन येते. तिला शुक्रवारी कॉलेजात तास नसतात. दोघांत एक टॅब. पडद्यावर एक बाई. सुरुवातच “चला तर मग मित्रांनो”. कुठे चला? मुलं बसलेलीच आहेत. नंतर मात्र तबला, ताणलेली तार, पाण्यावर उठणारे तरंग, सगळं नीट दाखवलं. तार हळू हलताना दाखवली तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प. साळवी मधून फिरत होता, एखादा प्रश्न विचारत होता. उत्तरं येत होती, आणि बरोबर.

लिहायला जिवावर येतंय, पण तास चांगला झाला. पत्र्यावर कबुतरं चालत होती तेवढाच आवाज. एकदा तर माझा डोळा लागला.

प्रा.ला म्हटलं, “चला तर मग काढून टाक, बाकी ठीक.” तिनं माझा हातच धरला. एवढं काय.

घरी येऊन रेडिओ लावला तर शेजारच्या अन्सारी भाभी गॅलरीत. “बाई, रेडियो थोडा धीमा करो, आज जुम्मा है.” दर शुक्रवारी हेच. बाकीचे सहा दिवस यांच्याच कारखान्यानं माझ्या भिंती हलतात, ते चालतं. रागानं बटण फिरवलं.

मंगळ., १८ नोव्हें.

‘ब’चा तास. तोच ध्वनी, खडूनं.

फार वाईट. साळवी पुटपुटतो. माझ्याच हाताखाली तयार झालेला माणूस. त्याला कितीदा सांगितलं होतं, शेवटच्या बाकाकडे बघून बोल. फळ्यावर आकृती सुरेख, पण बोललेलं तिसऱ्या बाकाच्या पुढे येत नव्हतं. मुलं नुसती उतरवून घेत होती. मागच्या दोघी हिंदीत कुजबुजत होत्या, “सर ने क्या बोला?” “पता नहीं, लिख.”

शेरा लिहिला: शिक्षकाचा आवाज अपुरा, उत्साह कमी.

येताना रिक्षात दोन्ही कानांत घणघण. वय.

गुरु., २० नोव्हें.

प्रा. संध्याकाळी आली, खुशीत. ध्वनीचा निकाल लागला. आधीच्या धड्यांसारखाच, ‘अ’ खूप पुढे, ‘ब’ मागे. लॅपटॉपवर दोन खांब दाखवले, एक उंच, एक बुटका. तिचे मार्गदर्शक देशमुख सर मुंबईचे. ते म्हणाले, निष्कर्ष स्वच्छ आहे, आता लिहायला बस. जानेवारीत प्रबंध द्यायचा. दिला तर जूनमध्ये कॉलेजात कायम व्हायची संधी आहे.

मग ‘ब’ची उत्तरं वाचून दाखवली. ‘ध्वनी कसा निर्माण होतो?’ याला बऱ्याच मुलांनी लिहिलंय: ध्वनी कंपनीमुळे निर्माण होतो.

कंपनाऐवजी कंपनी! दोघी हसून हसून बेजार. मी म्हटलं, भिवंडीत हे उत्तर चूक कसं धरणार?

ती गेल्यावरही हसत होते.

शुक्र., २१ नोव्हें.

दुपारी रेडिओ लावला आणि दचकले. घरभर आवाज. बटण काल होतं तिथंच, मी हातही लावला नव्हता. भाभी काही म्हणायच्या आत आपणच कमी केला.

आणि बटणावर हात तसाच राहिला.

आज लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. भिवंडीत शुक्रवारी कारखाने बंद, हे मी काय नव्यानं लिहितेय. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमची रांग आहे. सहा दिवस ती चालते. शुक्रवारी कबुतरं ऐकू येतात.

‘अ’चा तास शुक्रवारी. ‘ब’चा मंगळवारी.

पोरांनी ‘कंपनी’ लिहिलं ते मूर्ख म्हणून नाही. त्यांना तेवढंच ऐकू आलं. साळवी पुटपुटत नव्हता. मी त्याच्यावर शेरा मारून मोकळी झाले. मी! जिचा घसा त्या खटखटीवर ओरडून ओरडून गेला, डॉक्टरांनी कातरून आतल्या गाठी काढल्या, आणि तरी मला कळलं नाही. मंगळवारी कान घणघणले तर म्हटलं, वय.

आधी फार आनंद झाला. कबूल करते. टॅबचा विजय म्हणजे लूमची साप्ताहिक सुट्टी! फोन हातात घेतला, देशमुख सरांच्या मुंबईपर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचं मनात होतं.

मग तो उंच खांब दाखवताना प्रा.चा चेहरा आठवला. फोन ठेवला.

रवि., २३ नोव्हें.

धामणकर नाक्यावर भाजी घ्यायला. प्रा.ची आई भेटली, मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होती. बाजूला घेऊन गेली. रिक्षा कानाशी भोंगे मारताहेत, तिला त्याचं काही नाही.

“बाई, तुमी समजवा तिला. बापूस बोलतंय, या साली झाला तं झाला, न्हाय तं मानकोलीला आपल्या गोडावनच्या ऑफिसान बस. पोरगी झोपत न्हाय, जेवत न्हाय. पन सोरत बी न्हाय.”

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

जुडी पिशवीत टाकली. “मना काय वाटाचा. तिला डाक्टर बोलतील लोक, तवा मी मोठ्यानं हाक मारीन तिला. रस्त्यावरना.”

मेथी विसरून आले.

सोम., २४ नोव्हें.

शाळेत गेले, साळवीकडे. विचारलं, टॅबला शुक्रवार कोणी दिला?

“मीच दिला. प्राजक्ता मॅडमनी विचारलं, कुठला वार बरा पडेल, मला शुक्रवार मोकळा असतो. म्हटलं, उत्तमच.” मग जरा चाचरत, “बाई, पाहुण्यांना आपण शुक्रवारच देतो ना. तुम्हीच घातलेली पद्धत.”

खरं आहे. तपासणीचे साहेब येणार असले की मी मुख्याध्यापकांच्या मागे लागायची, शुक्रवार मागा. पालकसभा शुक्रवारी. अवघड धडासुद्धा शुक्रवारसाठी राखून ठेवायची. मुलं त्याला ‘बाईंचा शुक्रवार’ म्हणायची. वाईट काही नव्हतं त्यात. घरी कोणी आलं तर चांगली चादर काढतो, तसं. साळवीनं पाहुणीसाठी चांगली चादर काढली, आणि तिचा सगळा प्रयोग त्या चादरीवर.

त्याला मंगळवारच्या शेऱ्याबद्दल सांगून टाकलं. खोडून देते म्हटलं. तो म्हणाला, राहू द्या बाई, घरीपण बायको म्हणते मोठ्यानं बोला.

हा माणूस कधी चिडणारच नाही का?

बुध., २६ नोव्हें.

प्रा.ला बोलावून घेतलं. लॅपटॉप उघडला तिनं, मी तेच खांब पुन्हा दाखवायला सांगितले.

“प्राजक्ता, हे खांब वारांचे आहेत.”

तिला कळेना. मग सांगितलं, सावकाश. रेडिओ, शुक्रवार, कंपनी.

आधी हसली. “बाई, मी याच शाळेत शिकले. लूमचा आवाज आम्हाला ऐकूच येत नाही.”

“तेच सांगतेय.”

हसू गेलं. मी उठून उगाच खिडकी लावली, मागचा कारखाना चालू होता. म्हणजे आता ऐकू येत होता.

मग हळू आवाजात, न रागावता म्हणाली. रागावली असती तर बरं होतं.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून हे टॅबचं सगळं पडायलाच हवं होतं, बाई.”

मी म्हटलं, हो, हवं होतं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

लॅपटॉप मिटून गेली. आज चहाही घेतला नाही.

शनि., २९ नोव्हें.

फोन नाही.

मी करणार नाही. खरं सांगितल्याबद्दल माफी मागायची पद्धत आमच्या कॉन्व्हेंटात नव्हती. खोटं बोलल्याबद्दल गुडघ्यावर बसवायचे, ते वेगळं.

भाभींनी शीरकुर्मा पाठवला, नातवाचं काहीतरी होतं. वाटी परत देताना विचारलं, तुम्हाला लूमचा आवाज येतो का हो? म्हणाल्या, “कौन सी आवाज़?” आणि मग, “बंद होती है तब आती है.”

याच्यापेक्षा बरं मलाही लिहिता आलं नसतं.

मंगळ., २ डिसें.

संध्याकाळी दारात प्रा. चपला काढल्याच नाहीत, उंबऱ्यातूनच बोलली.

सकाळी कॉलेजला रजा टाकून, कोणाला न सांगता ‘ब’च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. डोळे मिटून. साळवीला वाटलं बरं नाही, पाणी पाठवलं.

“पहिली काही मिनिटं काहीच वाटलं नाही. नेहमीचंच. मग ठरवून ऐकलं. बाई, सर काय बोलत होते मला खरंच नाही कळलं. आणि तो धडा मी स्वतः लिहिलाय.”

मी आत ये म्हटलं. आली. बसल्यावर रडेल असं वाटलं होतं, पण नाही रडली. विचारलं, “आम्ही शिकलो कसे मग?”

“मी ओरडत होते म्हणून.”

माझ्या गळ्याकडे बघितलं तिनं. माझा आवाज ऐकून इतकी वर्षं सगळे तिकडे बघतात, कोणी असं बघितलं नव्हतं. मी विषय बदलला. पोहे केले. सगळे खाल्ले.

गुरु., ४ डिसें.

देशमुख सरांशी बोलली. मी समोरच होते, फोन तिनं मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला. गोड बोलतात. म्हणाले, प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतात, ‘परिसरातील आवाजाचा काही परिणाम संभवतो’ असं एक वाक्य मर्यादांमध्ये टाक आणि पुढे चल. जानेवारी हातची घालवू नकोस.

एक वाक्य! पोरांच्या कानावर सहा दिवस आदळतं त्याला एक वाक्य, तेही ‘संभवतो’. मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रा.नं हातानं थांबवलं. ती शाळेत असताना मी तिला असंच थांबवायची.

फोन ठेवून म्हणाली, वार उलटे करून बघायचे. पुढचा धडा समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ. ‘अ’ला टॅब मंगळवारी, ‘ब’ला खडू शुक्रवारी. एकदा तरी. मग ठरवू वाक्य किती लांब लिहायचं.

अडचण एकच. मंगळवारी तिचे कॉलेजात लागोपाठ तास, पुन्हा रजा मिळायची नाही. टॅब वाटायचे, चालू करून द्यायचे, चाचणी घ्यायची, कोण करणार? साळवी एकटा पुरणार नाही.

माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, विचारूसुद्धा नकोस.

सोम., ८ डिसें.

टॅब शिकतेय. प्रा.नं बॅग कालच आणून ठेवली. बोट जोरात दाबायचं नसतं, म्हणे. मी दाबते. “बाई, दाराची बेल नाही ती.” तिला मजा येतेय.

‘चला तर मग मित्रांनो’ अजून आहेच. काढलं का नाही विचारलं, तर मधेच बदललं तर प्रयोग बिघडेल म्हणे. तत्त्वाचं आहे म्हणून गप्प बसले.

जाताना दारात म्हणाली, “उद्या तुम्ही जसं इतर कुठलंही काम कराल तसंच करा. चांगलं पण नको, वाईट पण नको.”

समजलं मला ती काय म्हणत होती. मलाही तीच भीती आहे.

मंगळ., ९ डिसें.

झालं.

बॅग रिक्षावाल्यानं उचलून दिली. ‘अ’मध्ये टॅब मी वाटले. मुलं हसली. “बाई, तुम्ही?” हो, मी.

मागे लूम पूर्ण जोरात. पडद्यातल्या बाईचे नुसते ओठ हलत होते. बारीकसा आवाज, पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. मला वाटलं, हा बघा, उतरला तुमचा टॅब. मोह सांगून ठेवते: प्रत्येक टॅबचा आवाज पूर्ण वाढवलाय का बघायचं काम माझं होतं, आणि दोन-चार तसेच राहिले असते तर कोणाला कळणार होतं? सगळे तपासले. एकेक.

मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. निशा यादव म्हणून एक मुलगी आहे, बाप लूमवर. तिनं टॅब उचलून फोनसारखा कानाला लावला. मग थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. मग शेजारणीच्या कानाला. बघता बघता अर्ध्या वर्गानं टॅब कानाला. चित्र कोणी बघेना. एकीनं ऐकायचं, दुसरीला सांगायचं, मग दोघींनी चित्र बघायचं. समलंब चौकोनाचा तुकडा कापून उलटा जोडतात ते निशानं पुन:पुन्हा बघितलं. मी विचारलं, कितीदा बघशील? म्हणाली, “बाई, ये चिल्लाती नहीं ना. कितीपण वेळा विचारा.”

हे मला उद्देशून नव्हतं. पण लागलं ते लागलंच.

मी कितीदा पुन्हा सांगायची? आवाज असेपर्यंत. मग ‘फळ्यावर बघा’. साळवीही तेच करतो.

चाचणी घेतली. पेपर पाकिटात घालून चिकटवलं. आत बघितलं नाही. फार वेळ बघावंसं वाटत होतं.

शुक्र., १२ डिसें.

‘ब’, खडू, लूम बंद.

साळवीला आज ऐकलं. चांगला शिकवतो. मधेच एक विनोदही केला, समलंब चौकोन म्हणजे खाटेचा एक पाय तुटलेला, असं काहीतरी, आणि शेवटचा बाक हसला. शेवटचा बाक! इतके दिवस त्याचे विनोद तिसऱ्या बाकाला आपटून मरत होते.

तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाई, आज माझा मलाच आवाज आला.”

मंगळवारचा शेरा मी आज खरोखर खोडला. वर सही केली.

रवि., १४ डिसें.

प्रा.कडे कोनला गेले. रस्त्यात सगळे मेट्रोचे खांब, रिक्षावाला खांब मोजल्यासारखा वळत होता. तिच्या आईनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. बापूस बाहेर फोनवर, गोडावनचं भाडं. आत आले, नमस्कार केला, म्हणाले, “बाई, लवकर आटपवा तिचा.” मी म्हटलं, माझ्या हातात नाही हो, वारांच्या हातात आहे. समजलं नाही, पण हसले.

पाकिटं जेवल्यानंतर उघडली. पेपर प्रा.नं तपासले, मी फक्त बेरजा पडताळल्या.

‘ब’ शुक्रवारी चांगली वर आली. ‘अ’ मंगळवारी खाली. इथपर्यंत मी सांगितलं तसंच. पण ‘अ’ मंगळवारी जितकी खाली यायला हवी होती तितकी आली नाही. ‘ब’ मंगळवारी पडायची तशी ‘अ’ पडली नाही.

म्हणजे वार खरा. आणि निशाचं ‘कितीपण वेळा विचारा’ हेही खरं, थोडंसं.

एका धड्यावरून काही ठरत नाही, प्रा. लगेच म्हणाली. आता मात्र संशोधक दिसत होती. म्हणाली, दोन्ही गोष्टी लिहायच्या तर आणखी धडे हवेत, दोन्ही वारी, दोन्ही तऱ्हेनं. म्हणजे जानेवारी नाही. कदाचित जूनही नाही. आणि एक वाक्य लिहिलं तर जानेवारी आहे.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला विचारलं कोणी नव्हतं. तीच म्हणाली, “शाळेन पोरांना ऐकाला येत न्हाय, ता कोनी लिवलाय का पयलं?”

प्रा. म्हणाली, नाही आई, कोणी नाही.

“मंग?”

आणि भांडी घासायला गेली. तिला घाई होती ना, डाक्टर झालेल्या लेकीला रस्त्यावरून हाक मारायची? काय म्हणावं या बाईला.

बुध., १७ डिसें.

प्रा.नं रात्रीत लिहिलं ते पाठवलं. एक वाक्य नाही. अख्खं प्रकरण, सोबत मुदतवाढीचा अर्ज. प्रकरणाची सुरुवात अशी: ‘आठवीच्या एका तुकडीतील अनेक विद्यार्थ्यांनी ध्वनी कंपनीमुळे निर्माण होतो असे लिहिले. संशोधिकेने ते उत्तर चूक धरले. संशोधिकेला ते ऐकू आले नव्हते.’

मराठी स्वच्छ आहे. दोनच अनुस्वार चुकले होते.

देशमुख सरांना पाठवायचं की नाही, मला विचारत होती. मी म्हटलं, मला पडायला हवं होतं ते पडलं, आता माझं मत तटस्थ राहिलेलं नाही, स्वतः ठरव. तर म्हणे, मग एवढंच सांगा, वाचताना कुठे अडलात का? नाही अडले. एकदा चष्मा पुसायला थांबले. ते सांगितलं नाही.

तासाभरानं निरोप आला: पाठवलं.

गुरु., १८ डिसें.

सरांचं उत्तर नाही. बापूस तिच्याशी बोलत नाहीत, असं आईकडून कळलं. पण सकाळी तिला कॉलेजला सोडायला गाडी मात्र काढली.

मुख्याध्यापकांना भेटून आले. म्हटलं, मागच्या भिंतीच्या खिडक्यांना दुहेरी काच बसवा, वर पंखे. टॅबसाठी देणगीदार धरून आणता, काचेसाठी धरा. म्हणाले, बाई, काच दिसत नाही ना, फोटोत. खरं बोलला बिचारा.

शुक्र., १९ डिसें.

सरांनी प्रा.ला सकाळी कळवलं: पूर्ण वाचलं, संध्याकाळी फोन करतो, आधी तुझ्या त्या बाईंशीही बोलायचं आहे. माझा नंबर घेतलाय. प्रा.चा आवाज घाबरलेला. “बाई, तुमच्याशी का?”

काय ठाऊक. मला आवाजावरून ‘सर’ म्हणतील, ते नक्की.

चारपासून बसलेय. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं, मग मोडलं. ओरडायचं नाही एवढंच ठरवलंय. भाभींनी विचारलं, आज रेडियो नहीं? नाही म्हटलं.

मागे लूम बंद. पत्र्यावर कबुतरं. फोन टेबलावर ठेवलाय, आवाज कमी करूनच. आज शुक्रवार, वाजला तर पहिल्या रिंगलाच ऐकू येईल.